किल्ल्यावरच्या तोफेला रंग फासताय? या चुका टाळा

श्रमदानाला गेलं की पोरांचा पहिला मोर्चा तोफेकडे. तारेच्या ब्रशने खरवडायचं, काळा ऑइलपेंट मारायचा, की फोटो! कोकण किनाऱ्यावर याहून मोठी चूक नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओतीव लोखंडात खोल मुरलेलं असतं. वरून रंग बसला की ते आतच कोंडतं. दमट हवेत गंज रंगाखाली फुगत राहतो आणि मग रंगासकट लोखंडाचे पापुद्रे सुटतात. त्यांच्याबरोबर तोफेवरची अक्षरंही जातात.

अक्षरांची किंमत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात कळते. तिथे उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. येणारेजाणारे त्यांना बेधडक ‘शिवकालीन’ म्हणून मोकळे होतात. तोफेवर मात्र इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या ‘लो मूर’ कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये; महाराजांचं निधन १६८० चं. हे नाव पेंटखाली गेलं की थापेला रान मोकळं. जंजिऱ्याची कलाल बांगडी तोफ उन्हात तापत नाही, हीही तसलीच एक. धातू आहे, तापणारच.

हात लावण्याआधी तोफ कशाची आहे ते बघा. लोहचुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुधा काशासारखा मिश्रधातू. अशा तोफेला देवघरातल्या तांब्यासारखं चिंच-मिठाने घासू नका. मिठाने तिच्यावर हिरवट भुकटी धरते आणि धातू पोखरला जातो.

तोंड वर करून ठेवलेल्या तोफेत पावसाचं पाणी आणि पालापाचोळा साठतो. तोंड किंचित खाली झुकलेलं हवं. तोंडात किंवा बत्ती द्यायच्या भोकात सिमेंट भरू नका. तोफ काँक्रीटच्या ओट्यातही चिणू नका; सागवानी तोफगाडा बरा.

समुद्रातून निघालेली तोफ उन्हात वाळवणं तर सगळ्यात घातक. वाळताना आतलं मीठ स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतं. ओल्या गोणपाटात झाकून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. प्रयोगशाळेत अल्कधर्मी पाण्यात, मंद वीजप्रवाहाखाली मीठ काढायला महिनोन्‌महिने लागतात. त्यानंतर टॅनिक आम्ल, वर मेणाचा थर.

कुलाबा आणि जंजिरा दोन्ही केंद्र संरक्षित आहेत. परवानगीशिवाय तिथली तोफ साफ करायला बसलात, तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा तुमचा उत्साह विचारात घेत नाही.