मंडळाच्या वेबसाइटसाठी रकाने कसे ठरवावेत

वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर प्रत्येक कार्यक्रमाची माहिती आम्ही एकाच मोठ्या चौकटीत टाकायचो. कुणी तारीख आधी लिहायचं, कुणी शेवटी. एकदा तर होऊन गेलेलं व्याख्यान महिनाभर ‘आगामी’ म्हणून वरच राहिलं. तारीख मजकुरात बुडालेली, साइटला ती कळणार कुठून? तेव्हा रकाने, म्हणजे माहितीच्या एकेका तुकड्यासाठी वेगळी जागा (फील्ड), नीट ठरवायला बसलो.

संगणक नंतर उघडा. आधी जुन्या दहा-बारा निमंत्रणपत्रिका समोर घ्या आणि दर वेळी बदलणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा: विषय, वक्ता, तारीख, वेळ, स्थळ, फोटो. रेघ आली तिथे रकाना. बाकीचा मजकूर, ‘सर्वांना सप्रेम निमंत्रण’ वगैरे, टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यात, एकदाच लिहून ठेवा. इथल्या सेंट्रल लायब्ररीसाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. अशा ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर लेखक, शीर्षक, क्रमांक ज्याच्या त्याच्या जागी असतात, म्हणून पुस्तक सापडतं. आपलं कामही तेच.

आता प्रत्येक रकान्याचा प्रकार. इथे घाई नको. तारखेला साधा मजकुराचा रकाना दिलात, तर कुणीतरी ‘पाडव्याला संध्याकाळी’ लिहिणारच. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या प्रणालीवर असेल आणि त्यात ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे रकाने बनवायचं प्लगइन (जोडसुविधा) असेल, तर ‘डेट पिकर’, म्हणजे कॅलेंडरातून तारीख निवडायचा रकाना, घ्या. तो १९ मार्च २०२६ ही तारीख २०२६०३१९ अशी साठवतो, त्यामुळे क्रम लावणं आणि उलटून गेलेले कार्यक्रम गाळणं सोपं जातं. वाचकाला मात्र ती ‘१९ मार्च’ अशी दाखवता येते.

स्थळ हातानं टाइप करू देऊ नका. आमच्याकडे ‘दांडिया बाजार’, ‘दांडियाबाजार’ आणि ‘दांडीया बाजार’ अशी एकाच पत्त्याची तीन रूपं निघाली. ठरलेल्या सभागृहांची यादी द्या, त्यातून निवडू द्या.

रकान्याचं आतलं नाव, म्हणजे साइट ज्या नावाखाली माहिती साठवते ते, इंग्रजी अक्षरांत, लहान आणि कायमचं ठेवा. वर दिसणारं मराठी नाव हवं तेव्हा बदला. आतलं बदललंत तर जुनी माहिती जुन्याच नावाखाली राहते आणि पान रिकामं दिसतं.

विषय, तारीख, स्थळ एवढेच सक्तीचे ठेवा. वक्त्याचा फोटो मिळाला नाही म्हणून कार्यक्रम अडायला नको. फोटो असेल तरच फोटोची चौकट दाखव, अशी अट टेम्प्लेटमध्ये घाला.

शेवटी, साइट न बांधलेल्या एखाद्या काकूंना फॉर्म भरायला द्या आणि शेजारी गप्प बसा. त्या जिथे थबकतील, त्या रकान्याखाली एका ओळीची सूचना लिहा.