जर्मनीत ब्लू कार्ड कसं काढावं: उतरल्यापासून कार्ड हातात पडेपर्यंत

नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या माणसाच्या पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवलेला असतो, तो बहुतेक वेळा काही महिन्यांचाच असतो. नोकरी कायमची आणि व्हिसा सहा महिन्यांचा, हे बघून घरचे काळजीत पडतात. काळजीचं कारण नाही. डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा देशात शिरून कामाला लागण्यापुरता असतो. पुढच्या वर्षांचा परवाना इथे पोहोचल्यावर, ज्या शहरात राहायचं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून काढायचा असतो. या कार्यालयाला सगळे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. बर्लिनमध्ये हे काम लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंग बघतं, म्युनिकमध्ये रुपर्टश्ट्रासवरचं के.व्ही.आर.

इथे मी ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर नोकरदाराला मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना, धरून सांगणार आहे. विद्यार्थ्यांची कागदपत्रं वेगळी असतात, पण कामांचा क्रम साधारण हाच. या क्रमाइतकीच महत्त्वाची एक तारीख आहे, ती म्हणजे व्हिसा संपण्याची. कार्ड त्या तारखेनंतर मिळालं तरी चालतं. अर्ज मात्र तिच्या आधी गेलेला असला पाहिजे.

आधी पत्ता

पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, झाल्याशिवाय पुढचं जवळपास काहीच हलत नाही. कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे स्थानिक नागरिक कार्यालयात होते. मोठ्या शहरांत तिथली वेळ, इथल्या भाषेत टर्मिन, दोन आठवड्यांत मिळेलच असं नाही. म्हणून घर पक्कं होताच टर्मिन घेऊन ठेवा. सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाची सही असलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आल्याचं पत्रक लागतं. भाडेकरार दाखवून हे काम भागत नाही, ते एक पानी पत्रकच हवं. तात्पुरती खोली घेताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, ‘आनमेल्डुंग होईल का?’ हे आधी विचारा. कित्येक हॉटेलवाले आणि पोटभाडेकरू ठेवणारे सरळ नाही म्हणतात.

या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. आपल्याकडे असे रकाने आपण विचार न करता भरतो. इथे त्यावरून चर्च-कर ठरतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी हे माहीत असू द्यावं. नोंद झाली की कपात पगारातूनच सुरू होते. हिंदूंना असा कर नाही.

आनमेल्डुंग करून घरी आलात की खालच्या पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. हे क्षुल्लक वाटतं, पण पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक बघत नाही, बहुधा तो नसतोच. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि या देशात कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कार्यालयाचं बोलावणं, सगळं पत्रानेच येतं. मित्राच्या घरी उतरला असाल तर त्याच्या आडनावाखाली आपलंही लावून घ्या.

नावाचा घोळ

मराठी माणसाला इथे हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे मधलं नाव. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. समजा, सुशांत विजय जोशी. जर्मन कारकुनाच्या लेखी ‘सुशांत विजय’ हे सगळं मिळून तुमचं पहिलं नाव. नोकरीच्या करारात नुसतं ‘सुशांत जोशी’, भाडेकरारात ‘एस. व्ही. जोशी’ आणि डिग्रीवर आडनाव आधी, अशी मांडणी असेल तर प्रश्न येतात. म्हणून करार, घर, विमा, बँक सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहायला सांगा. एच.आर.वाल्यांना ते लांबलचक वाटेल, वाटू द्या.

बायकोच्या कागदांत हा घोळ दुप्पट होतो. विवाह नोंदणी दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, डिग्रीवर परत माहेरचं. माझं मत असं, की कुटुंबाच्या व्हिसाचा अर्ज करायच्या आधी पासपोर्टवर कुठलं नाव ठेवायचं ते ठरवून टाकावं आणि प्रक्रिया अर्ध्यावर असताना त्याला हात लावू नये. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे ज्यावरून कळतं तो विवाह दाखला भाषांतरासकट जवळ ठेवावा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण पुण्यात उगाच महिनोन् महिने थांबतात.

फाइल

मूळ कागद आणि प्रती दोन्ही ठेवा: पासपोर्ट, आनमेल्डुंगचा दाखला, नोकरीचा करार, मालकाने भरून दिलेलं नोकरीचं प्रमाणपत्र, भाडेकरार, पगारपत्रकं असतील तेवढी, आणि पदवी. विद्यापीठ आणि पदवी ‘आनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये मान्य दिसत असेल तर त्या पानाची छापील प्रत जोडा. तशी नोंद सापडत नसेल तर पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. हे काम व्हिसाच्या वेळीच झालेलं असतं, तोच कागद इथे पुन्हा चालतो.

पगाराची अट दर १ जानेवारीला बदलते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती. संगणक, अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. करारातला आकडा सीमारेषेवर असेल तर बोनस त्यात धरलाय का ते बघा. जो बोनस मिळण्याची खात्री नाही तो पगारात मोजत नाहीत.

विम्याच्या बाबतीत एकच सांगतो: भारतातून घेतलेली प्रवास विमा पॉलिसी इथे उपयोगाची नाही. नोकरी सुरू झाली की तेकनिकर, आओके, बार्मर अशा एखाद्या सार्वजनिक विमा संस्थेचं सदस्य व्हायचं आणि त्यांचं प्रमाणपत्र फाइलला लावायचं.

फोटोचा नियम १ मे २०२५ पासून बदलला आहे. कागदी फोटो आता घेत नाहीत. मान्यताप्राप्त फोटोग्राफरकडे किंवा डी.एम.सारख्या दुकानात फोटो काढला की तो डिजिटल रूपात कार्यालयाकडे पोहोचतो, तुम्हाला फक्त कोड मिळतो. काही कार्यालयांत यंत्र असतं, तिथे ६ युरोत काम होतं. मुंबईहून पासपोर्ट फोटोंची पाकिटं आणलीत तर ती घरच्या अल्बमला लावा.

अर्ज आणि मधला काळ

व्हिसा संपायला निदान आठ आठवडे असताना अर्ज करा. बहुतेक शहरांत ऑनलाइन फॉर्म आहे, काही ठिकाणी ईमेल किंवा पोस्ट. अर्ज गेल्यावर आलेली पोच, तिच्यावरची तारीख आणि पाठवलेल्या फाइल्स जपून ठेवा. टर्मिन तीन महिन्यांनंतरची मिळाली म्हणून घाबरायचं नाही. निवास कायद्याच्या कलम ८१, उपकलम ४ प्रमाणे मुदतीत अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं मानलं जातं आणि त्यावर चालू असलेली नोकरीही सुरू राहते. ही सवलत शेंगेन टुरिस्ट व्हिसाला नाही.

याचा पुरावा म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. आपली मंडळी याला नुसतं ‘फिक्शन’ म्हणतात. शुल्क १३ युरो. हातात पडताच तो घडीचा कागद उघडा आणि आतल्या चौकोनांपैकी खूण कुठे केली आहे ते बघा. तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे उपकलम ४ वर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम ३ वर असेल तर बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत आत घेत नाहीत. गणपतीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी हा चौकोन बघाच. चूक वाटली तर तिथेच, काउंटरवरून उठायच्या आत विचारा.

टर्मिनच्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा. दोन्ही तर्जनींचे ठसे घेतात, सही घेतात, पत्ता तपासतात. मुलांना सोबत न्यावं लागतं, सहा वर्षं पूर्ण झालेल्यांचेही ठसे घेतले जातात. शुल्क १०० युरो. परदेशी बँकेचं कार्ड यंत्राने नाकारलं तर अडायला नको, म्हणून रोख आणि जर्मन बँकेचं गिरोकार्ड (डेबिट कार्ड) दोन्ही जवळ ठेवा. अधिकाऱ्याला इंग्रजी येत असेलही, पण बोलेलच याचा भरवसा नाही. जर्मन येणारा एखादा सहकारी सोबत नेला तर कोणी हरकत घेत नाही.

कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, बुंडेसड्रुकेरायमध्ये तयार होतं आणि यायला काही आठवडे लागतात. कार्डाबरोबर एक हिरवा कागद असेल, त्याला त्सूझाट्सब्लाट म्हणतात, तर तो कार्डाचाच भाग समजा. नोकरीच्या अटी त्यावर छापलेल्या असतात. मालक कार्डाबरोबर त्याचीही प्रत मागतो. नाव, जन्मतारीख, अखेरची तारीख तिथेच वाचून घ्या.

ब्लू कार्ड जास्तीत जास्त चार वर्षांचं असतं, पण पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर कार्डाचीही तिथेच संपते. तेव्हा पासपोर्टला दीड-दोन वर्षंच उरली असतील तर तो आधी भारतीय दूतावासातून नवा करून घ्यावा. पासपोर्ट नंतर बदलला तर कार्डही नवं काढावं लागतं आणि त्याचे ६७ युरो वेगळे.

कार्ड मिळाल्यावर घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत नोंद करायची, कार्डावर पत्त्याचं स्टिकर लावून मिळतं. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदललीत तर कार्यालयाला कळवावं लागतं. सलग बारा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर कार्ड आपोआप रद्द होतं. आणि कायमच्या वास्तव्याचा विचार असेल तर भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी लावा: जर्मनची बी-१ (मध्यम) पातळी असेल तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांनी अर्ज करता येतो, नुसती ए-१ (प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांनी, आणि दोन्ही बाबतीत तेवढ्या काळाचे पेन्शनचे हप्ते भरलेले दाखवावे लागतात.