काळ्या मातीच्या अंगणात गाडी उचलायची तर

जॅक कसा फिरवायचा हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. तो टेकवायचा कशावर, हे कोणी सांगत नाही. आमच्या विदर्भात घोळ होतो तो तिथेच, कारण अंगण म्हणजे वावराचीच काळी माती.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

पुढचा भाग उचलायचा तर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. 'गिअरमध्ये आहे ना' हे ऐकून घेऊ नका. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्यातलं एक अधांतरी झालं की ते मोकळं फिरतं आणि गिअरची पकड संपली. मागची दोन्ही उचललीत तर हँडब्रेकही कामाचा नाही, तो मागच्याच चाकांना असतो. तेव्हा दगड पुढे, गाडी गिअरमध्ये.

आता जमीन. एकदा बोअरजवळ मी गाडी उचलली. आदल्या दिवशी तिथेच फवारणीचा पंप धुतला होता. वरून माती वाळलेली, पायाला दगडासारखी. स्टँड, म्हणजे उचललेल्या गाडीचं वजन पेलणाऱ्या चार पायांच्या लोखंडी घोड्या, लावले, चाक काढलं, पाना आणायला उठलो. परत येतो तर स्टँडचा आतला पाय चार बोटं खाली गेलेला आणि गाडी त्या बाजूला कलंडायला लागलेली. बघता बघता ती बसली, पण काढलेलं चाक मी गाडीच्या पत्र्याखाली सरकवून ठेवलं होतं, त्यावर. मी खाली असतो तर?

तेव्हापासून आधी सब्बल मारून बघतो. टोकाला ओली माती चिकटून आली की जागा बदलायची. उन्हाळ्यात भेगा पडलेली जागाही नको. कोरड्या जागेवरही बाभळीची किंवा सागाची दोन इंची फळी हवीच, जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली, पायांच्या चारी बाजूंनी चार बोटं जास्त. शहाबादी फरशी तडकते, वीट चुरते, सिमेंटचा पोकळ ठोकळा तर काही न सांगता फुटतो. विटांवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्याला मी पाना देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

जॅक दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर, दोन खाचांच्या मध्येच लावा. गाडीसोबत आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. हायड्रॉलिकसुद्धा सील गेलं की हळूहळू बसतो. वजन स्टँडनेच पेलायचं.

दोन्ही बाजू उचलताना मी फसायचो. एक बाजू पुरती वर नेली की दुसरी उचलताना पहिला स्टँड तिरका होतो, त्याचा एक पाय उचलला जातो. म्हणून स्टँडची उंची एक खाच इकडे, एक खाच तिकडे अशी वाढवत न्यायची. शेवटी गुडघे टेकून बघा, आठही पाय फळीला चिकटलेत का. मग बाजूला उभं राहून गाडीला कंबरेने दणका द्या. कर्र आवाज आला तर उतरवा आणि पुन्हा लावा, 'चालून जाईल' म्हणू नका. जॅक काढू नका, नुसता टेकलेला राहू द्या.

उतरवायचं याच्या उलट, पण आधी खाली वाकून बघा. मे महिन्यात गाडीखालच्या सावलीत आमचं कुत्रं झोपलेलं असतं.