‘करण्यात यावी’, पण कोणी?

बांधकाम साइटसाठी लिहिलेलं माझं पहिलं सुरक्षा धोरण 32 पानांचं होतं. जुन्या प्रकल्पाची फाइल उचलली, नावं बदलली, झालं. त्यात परांचीबद्दल, म्हणजे उंचावर काम करायला बांधलेल्या तात्पुरत्या सांगाड्याबद्दल, एक वाक्य होतं: ‘परांचीची नियमित तपासणी करण्यात यावी.’ वरिष्ठांनी वाचलं, सही केली.

दोन दिवस पाऊस लागला. परांचीच्या एका पायाखालची माती भिजून फळी खचली. मुख्य ठेकेदार समजत होता, बांधणारे बघतील. बांधणारे म्हणाले, आम्ही तर काम सोपवून मोकळे झालो. सकाळी गवंडी वर चढले, परांची कलली आणि एकाचा हात मोडला. चौकशीत मला विचारलं, तपासणी कोणाची होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘करण्यात यावी’ या वाक्यात करणारा माणूसच नसतो. ‘नियमित’मध्ये दिवस नसतो. ‘योग्य ती काळजी’मध्ये काहीच नसतं. आता मी असं लिहितो: परांची बांधणाऱ्या ठेकेदाराचा प्रशिक्षित माणूस पहिल्या वापराआधी, नंतर दर 7 दिवसांनी आणि प्रत्येक पाऊस-वादळानंतर तपासून सही करेल, सही नसेल तर सुपरवायझर चढायची वाट बंद करेल, सुपरवायझर रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, तेही नावानिशी. आपलं धोरण घ्या आणि प्रत्येक वाक्याला ‘कोण, कधी, नाही केलं तर काय’ विचारा. माझी 32 पानं 9 वर आली.

तयार नमुने विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. तुमचा खड्डा किती खोल, क्रेन कुठे फिरते, हे त्यांना ठाऊक नसतं. मुकादमासोबत दोन दिवस साइट फिरा. मला त्याच्याइतकं कोणी शिकवलं नाही. खोदलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नये, हे त्यानेच दाखवलं. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, तेवढ्या भाराने काठ ढासळू शकतो.

हेल्मेट-बेल्टपासून सुरुवात करू नका. आधी धोका काढता येतो का बघा, मग कठडे आणि जाळ्या, बेल्ट शेवटी.

पहिला मसुदा कच्चाच होतो, घाबरू नका. पण काम थांबवण्याचा हक्क त्यात पहिल्या दिवसापासून हवाच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1988 च्या बांधकाम सुरक्षा करारातही गंभीर धोका समोर दिसल्यास कामगाराने तिथून बाजूला व्हावं, हा हक्क दिला आहे. माझ्या धोरणात आता तो पहिल्या पानावर आहे, कामगारांच्या भाषेत, आणि काम थांबवलं म्हणून दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हेही खालीच लिहिलं आहे.