रात्री तीनला डोळा उघडतो? काळजीला संध्याकाळची वेळ द्या

पंखा फिरतोय, घर गाढ झोपलंय आणि तुमच्या डोक्यात हप्ता, मुलाची फी, साहेबांचा कालचा सूर असं एकामागून एक सुरू. छातीत धडधड वेगळीच. मन चिंती ते वैरी न चिंती!

धोका वाटला की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, पळायला नाहीतर लढायला बळ यावं म्हणून. समोर वाघ आहे की बँकेचा मेसेज, हे त्याला कळत नाही. त्यात पहाटेकडे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आपसूकच वाढू लागतं. तेव्हा तीन वाजताचं मन जे सांगेल त्यावर फार विश्वास ठेवू नका.

१. घड्याळ बघू नका. ‘सहाला उठायचंय, म्हणजे तीनच तास उरले’ हा हिशेब नवी काळजी जन्माला घालतो. मोबाइल तर नकोच.

२. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटं पुरे. श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते, म्हणून सोडणं लांबवायचं. जोरजोरात मोठे श्वास मात्र घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो.

३. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. (वन रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठली? ओट्याशी स्टूल घ्या.) अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, अशी सवय शरीराला लागू द्यायची नाही. डोळे जड झाले की परत या.

४. खरं काम संध्याकाळचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली युक्ती आहे: रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी मनात आली की तिला सांगायचं, साडेसातला ये.

मी हे शंभर पानी वहीत करतो. एका पानावर तीन ओळी होत्या: ‘बाबांची शुगर’, ‘गीझर गळतोय’, ‘नोकरी गेली तर?’ पहिलीपुढे लिहिलं, मंगळवारी उपाशीपोटी तपासणी. दुसरीपुढे प्लंबरचा नंबर. तिसरीपुढे बराच वेळ पेन हलेना. मग लिहिलं, ‘चार महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का? नाहीत.’ दुसऱ्या दिवशी आरडी उघडली. नोकरीची भीती गेली नाही, पण तिला करायला काहीतरी मिळालं. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही ती तशीच सोडून वही मिटायची. पहिले आठ-दहा दिवस हे खुळ्यासारखं वाटतं.

५. चहा-कॉफी दुपारनंतर कमी करा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

धडधड वारंवार होत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दुखून हात भरून आला, घाम फुटला तर श्वास मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि काळजीमुळे आठवडेच्या आठवडे कामात लक्ष लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ फिरवा. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही टेली-मानस सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही.