कोरड्या हवेने इसब भडकतो का? उंदरांवर प्रयोग मांडताना

विदर्भातल्या गावाकडच्या फार्मसी कॉलेजात हा प्रयोग मे महिन्यात लावूच नका. कूलर चालू असला की पशुगृह दमट, लाइट गेली की कोरडं ठाक. मग कातडी बिघडली ती दाह आणायला लावलेल्या रसायनाने की हवेने, कळणार कसं? आणि भोवतालचा परिणाम किरकोळ नसतो. एनसी/एनजीए जातीच्या उंदरांना साध्या पशुगृहात आपोआप इसबासारखा दाह होतो, रोगजंतुमुक्त पशुगृहात होत नाही.

बाल्ब/सी जातीच्या, ६ ते ८ आठवड्यांच्या माद्या घ्या. नर भांडतात, आणि चाव्याच्या जखमा इसबाच्या गुणांत मोजल्या जातात. गट चार: ५० टक्के आर्द्रता आणि ३० टक्के आर्द्रता, दोन्हींत डीएनसीबी (कातडीवर इसबासारखा दाह आणणारं रसायन) आणि नुसतं द्रावक (ते ज्यात विरघळवतात ते अॅसिटोन-ऑलिव्ह तेल). द्रावकाचा गट टाळू नका, कारण अॅसिटोन एकटंच कातडीचं तेल काढतं. प्रत्येक गट किमान तीन पिंजऱ्यांत विभागा. सगळे एकाच पिंजऱ्यात ठेवले तर दिसलेला फरक हवेचा की त्या पिंजऱ्याचा, ते कळत नाही. ३० टक्क्यांखाली जायचं असेल, तर प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात कारणासह वेगळं लिहा.

३० टक्के आर्द्रतेचे पिंजरे ज्यात ठेवाल त्या कोरड्या कपाटात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) उंदरांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. आर्द्रतामापक भिंतीवर नको, पिंजऱ्यात हवा. मुतामुळे आतली हवा खोलीपेक्षा दमट असते.

आठवडाभर त्या-त्या हवेत रुळू द्या. लेपाच्या २४ तास आधी पाठीचे केस ट्रिमरने काढा. केस काढायचं क्रीम स्वतःच कातडी दुखावतं. पहिल्या आणि चौथ्या दिवशी १ टक्का डीएनसीबी (अॅसिटोन ३ भाग, ऑलिव्ह तेल १ भाग), १०० मायक्रोलिटर. दुसऱ्या आठवड्यापासून ०.२ टक्के, आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे. लेप याहून कडक केला तर दोन्ही हवांत कातडी सारखीच सोलते आणि फरक झाकला जातो. द्रावण रोज ताजं करा. अॅसिटोन उडालं की ते घट्ट होतं. डीएनसीबीची अॅलर्जी माणसालाही लागते आणि अॅसिटोन नायट्राइल हातमोज्यांतून लवकर पार होतं, म्हणून दोन जोड घाला, शिंतोडा पडला की लगेच बदला.

लाली, सूज, ओरखडे, कोरडेपणा यांना ० ते ३ गुण. देणाऱ्याला गट माहीत नसावा. कातडीतून उडणारं पाणी मोजण्याआधी सगळ्या उंदरांना अर्धा तास एकाच खोलीत, २० ते २२ अंशांवर ठेवा. नाहीतर यंत्र हवेचाच फरक दाखवेल.

खाली अंथरायचं धानाचं तूस ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून), चाळून घ्या, आणि खिडकीबाहेरचं गाजरगवत फुलण्याआधीच उपटा. त्यातलं पार्थेनिनही अॅलर्जी आणतं.