प्रक्रिया उद्योगात पैसे घालताय? आधी या चुका टाळा

टोमॅटोचे भाव पडले की माझा फोन वाजू लागतो. नारायणगावच्या बाजूला रस्त्याकडेला ओतलेल्या टोमॅटोचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि चार दिवसांत कुणीतरी विचारतं, "साहेब, पल्पचा प्लांट टाकायचाय, रिपोर्ट किती दिवसांत होईल?" बँकेसाठी प्रकल्प अहवाल बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे अशा माणसाला परतवणं मला परवडत नाही. तरी हल्ली मी आधी एक उलटा प्रश्न टाकतो: भाव परत चढले की तुमच्या प्लांटला टोमॅटो कोण घालणार, आणि कुठल्या दराने?

बहुतेकदा पलीकडे थोडा वेळ शांतता असते.

महाराष्ट्रात या धंद्यात संधी नाही असं मुळीच नाही. तासगावचा बेदाणा, वसमतची हळद, कोकणातला काजू, आंबा आणि कोकम, सासवडचं सीताफळ, विदर्भातला संत्रा. इतका वेगवेगळा माल एका राज्यात पिकतो. पण कुलूप लागलेले जे कारखाने मी पाहिले, त्यातले फार थोडे यंत्र बिघडल्यामुळे किंवा गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद पडले. बाकीच्यांची चूक सुरुवातीलाच कागदावर दिसली असती. कुणी हिशोब मांडला नव्हता, एवढंच.

वाया जाणारा माल म्हणजे कच्चा माल नव्हे

प्रत्येक सेमिनारमध्ये एक स्लाइड असतेच: "देशात ४० टक्के फळं-भाज्या वाया जातात." लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेने २०१५ च्या पाहणीत मोजलेली नासाडी मात्र पिकानुसार साधारण साडेचार ते सोळा टक्क्यांच्या दरम्यान होती. तीही शेत, गाडी, बाजार, दुकान अशी वाटेत सगळीकडे विखुरलेली. कारखान्याच्या दारात एका जागी, एका दर्जाची, रोज ठरलेल्या वजनाची ती कधीच येत नाही.

माझ्या बॅगेत एक ब्रिक्समीटर असतो, पेनाच्या डबीएवढा. रसात विरघळलेले साखरेसारखे घन पदार्थ किती टक्के आहेत (यालाच ब्रिक्स म्हणतात), ते तो दाखवतो. जुन्नर तालुक्यात एका बागायतदाराच्या बांधावर उभं राहून मी त्यांच्याच प्लॉटमधला एक टोमॅटो पिळला, रसाचा थेंब काचेवर टाकला, झाकण लावून उजेडाकडे धरला आणि नळी त्यांच्या हातात दिली. निळी रेघ चारवर. "म्हणजे कमी का?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. चार ब्रिक्सच्या शंभर किलो रसापासून २८ ब्रिक्सची पेस्ट करायची तर हातात येते जेमतेम १४ किलो, बाकी सगळं पाणी वाफ करून उडवायचं. तोच रस साडेपाच ब्रिक्सचा असता तर पेस्ट साडेएकोणीस किलो निघाली असती. बॉयलरचा खर्च जवळपास तोच आणि माल सव्वापटीहून जास्त. त्यांच्या वाणाचा यात काही दोष नव्हता. जाड सालीचा, क्रेटमध्ये घालून दिल्लीपर्यंत न फुटता जाईल असाच तो निवडलेला. ताज्या बाजारासाठी उत्तम आणि पेस्टसाठी महागडा.

कांद्याचंही तेच. लासलगावला कांदा मातीमोल झाला की निर्जलीकरणाची टूम निघते. पण सुकवणीवाल्यांना पांढरा, जास्त घन पदार्थ असलेला कांदा लागतो. गुजरातेत महुव्याला हा धंदा वाढला तो पांढऱ्या कांद्याच्या जोरावर. आपला लाल कांदा सुकवला तर उतारा (शंभर किलोमागे हाती येणारा तयार माल) कमी आणि रंगही गिऱ्हाइकाला नको असलेला.

नागपुरी संत्र्याची तर वेगळीच खोड आहे. ताजा रस चाखला तर गोड. म्हणून चाचणीच्या दिवशी सगळे खूष होतात. त्या रसात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होत जातो आणि काही तासांत, गरम केल्यावर तर लवकरच, तो कडवट लागतो. कडवटपणा काढण्याची यंत्रणा असते, पण तिचा खर्च अहवालात कुणी धरलेला नसतो. संत्र्याचा रस चाखायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी चाखा.

तेव्हा पहिली पायरी यंत्राच्या कोटेशनची नाही. ज्या वाणावर, ज्या महिन्यात काम करायचं, तो माल दोन-तीन क्विंटल घेऊन आधीच चालू असलेल्या एखाद्या युनिटमध्ये भाड्याने काढून बघा. उतारा लिहून ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय किंवा म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था यांच्याकडेही विचारणा करता येते. यात जे काही हजार जातात ते सगळ्यात स्वस्त पडलेले पैसे असतात.

पंचेचाळीस दिवसांचा कारखाना, बारा महिन्यांचं व्याज

कॅनिंगला येणारा हापूस धरून चाला: फार तर दीड-दोन महिने. एवढ्यात वर्षभराचा हप्ता, कायम कामगारांचे पगार आणि विजेचा स्थिर आकार निघायला हवा. मग सल्लागार सांगतो, "लाइन तीच, फळ बदला." थोडंफार खरं आहे. पेरू, आवळा, जांभूळ यांना काही भाग समान चालतात.

सीताफळाने मात्र कित्येकांना फसवलं आहे. त्याचा गर तापवला की कडवटपणा धरतो. म्हणून सासवडकडे गर काढून गोठवतात, उकळत नाहीत. म्हणजे लागतो झटपट गोठवणारा ब्लास्ट फ्रीझर आणि उणे १८ अंशांची साठवण. आंब्याच्या लाइनचा त्याला जवळपास काही उपयोग नाही. फळ बदलताना पल्पर (गर काढणारं यंत्र) सारखा आहे का, एवढंच पाहू नका. पुढची उष्णता, थंडी आणि साठवण सारखी आहे का, ते पाहा.

अहवालात पहिल्याच वर्षी क्षमता-वापर ७० टक्के लिहिलेला दिसला की मी पेन्सिलीने गोल करतो. (असे गोल मी माझ्या स्वतःच्या जुन्या अहवालांवरही केले आहेत. बँकेला आकडा चांगला दिसावा म्हणून लिहिलेला असतो, आणि मालक तोच खरा मानून कर्ज उचलतो.) ३० टक्क्यांवर हप्ता निघतो का, हे आधी बघा. निघत नसेल तर यंत्र लहान घ्या.

अनुदान गल्ल्यात धरणं

पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये आली. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते पुढचं: हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यावर राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, कर्ज नियमित आणि युनिट चालू असेल तरच, कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा खरा. पण "अनुदान आलं की माल भरू" असं ठरवणाऱ्याचा पहिला हंगाम हुकतो. जमिनीची किंमत यात धरत नाहीत, खेळतं भांडवलही नाही.

आणखी एक, माझ्या धंद्याला सोयीचं नसलेलं. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन योजनेतून निघतं, अर्जदाराने द्यायचं नसतं. तिच्याकडून अर्ज आणि अहवालाची मदत घ्या. योजनेची मुदत आणि निकष बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक चक्कर मारा.

यंत्रापेक्षा बी महाग: खेळत्या भांडवलाची चूक

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त युनिट इथे मेली, म्हणून जरा थांबून सांगतो. काजूचं उदाहरण घेऊ. दिवसाला अर्धा टन बी फोडणारं, वर्षात २५० दिवस चालणारं लहान युनिट. वर्षाला १२५ टन बी. स्थानिक बी येते ती उन्हाळ्यात, दोन-अडीच महिन्यांत. तेव्हाच घेतली नाही तर पावसाळ्यानंतर आफ्रिकेतून आलेल्या बीवर अवलंबून राहावं लागतं आणि तिचा दर ठरवणारे आपण कुणीच नसतो. किलोला १३० रुपये धरले, तरी १२५ टनांचे होतात १ कोटी ६२ लाख ५० हजार. एवढे पैसे बीच्या पोत्यांत अडकून गोदामात पडून राहणार. आणि मालकाने बँकेकडून मागितलेलं असतं काय? यंत्रांसाठी मुदत कर्ज, आणि सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) म्हणून लाजत लाजत १५ लाख.

पुढे उताऱ्याचा खेळ. शंभर किलो बीमधून २८ किलो गर निघणार की २४, यातला फरक १२५ टनांवर पाच टन गराचा आहे. नफा तिथेच असतो नाहीतर तिथूनच जातो. वेंगुर्ला संशोधन केंद्राचे वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ हे वाण गराच्या उताऱ्यालाही चांगले म्हणून पसरले. पण बाजारात येणारी बी मिसळलेली असते आणि पुष्कळदा ओली. खरेदीच्या वेळी पोत्यातून मूठभर बी काढून कापून बघायला कंटाळू नका. ओली बी न वाळवता थप्पी लावली की दोन महिन्यांत बुरशी धरते. आणि गर किती निघाला एवढ्यावरही भागत नाही. अख्खा किती आणि पाकळी, तुकडा, कणी किती, यावर दर ठरतो. कारागीर बायकांचा हात बसेपर्यंत तुकडा जास्तच पडतो. पहिल्या वर्षाच्या हिशोबात ते धरा.

बेदाणा आणि हळदीतही पैसा असाच हंगामात अडकतो. गोदामात ठेवलेल्या मालाच्या वखार पावतीवर तारण कर्ज मिळतं, त्यामुळे सगळा भार सीसीवर पडत नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती गोदाम, शीतगृह, वाळवणी अशा बांधकाम-यंत्रणेसाठी. बी भरायला नाही.

प्रयोगशाळेला शेवटी आठवणं

एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना उलाढालीनुसार ठरतो, ऑनलाइन निघतो, त्याची फार धास्ती नको. धास्ती घ्यायचीच तर आम्लतेची घ्या. आंबा, कोकम, टोमॅटो हे आंबट गटातले, साधारण उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुरक्षित होतात. फणसाचे गरे तसे नाहीत. पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या वर असलेला पदार्थ हवाबंद डब्यात घालायचा तर दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवणारा रिटॉर्ट लागतो, नाहीतर आम्ल घालून पीएच खाली आणावा लागतो. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू घरगुती अनुभवाला दाद देत नाही. "आमची आई वर्षानुवर्षं अशीच करते" हे बरणीला चालतं, डब्याला नाही.

बेदाण्यासाठी वेगळी काळजी. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे अडवली, ते बागायतदार अजून विसरले नाहीत. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे जे औषध टिकतं त्याचं प्रमाणही त्या मानाने वाढतं. बेदाणा वाळवायची शेड भाड्याने घेण्याआधी बागेचं फवारणीचं वेळापत्रक मागून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, साल आणि कोयींची विल्हेवाट, औद्योगिक वीजजोडणी ही कामं वेळखाऊ आहेत. शेड बांधून झाल्यावर सुरू केलीत तर हंगाम गेला समजा.

पहिल्या दिवसापासून स्वतःचा ब्रँड

लेबल सुंदर असतं, माल दुकानात जातो, पैसे मात्र उधारीत आणि मुदत संपलेला माल परत. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं दुसऱ्यासाठी काम करा: गोठवलेला गर, ठरलेल्या दर्जाची हळद पावडर, जॉब वर्क (दुसऱ्याचा माल मजुरीवर करून देणं). नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीनेही आधी द्राक्षनिर्यात केली, प्रक्रिया नंतर आली. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करा आणि तिचा क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन खरेदीदारावर आहे, आणि आयकराच्या तरतुदीमुळे मोठे खरेदीदार ते हल्ली थोडं मनावर घेतात.

आणि चूक होऊन गेली असेल तर

युनिट रखडत असेल तर आधी कुठे अडलंय ते ओळखा. माल आहे पण पैसे नाहीत, तर जॉब वर्क घ्या. माल दुसऱ्याचा, तुमची फक्त मजुरी. पैसे आहेत पण माल नाही, तर शेतकरी उत्पादक कंपनीशी पुढच्या हंगामाचा, वाण ठरवून करार करा. यंत्र मोठं झालंय आणि दोन हंगाम तीस टक्क्यांच्या वर गेलं नाही, तर ते चालू स्थितीत विका. बंद पडून गंजलेल्या यंत्राला भंगारवालाच येतो. बाटल्या फुगत असतील तर भरतानाचं तापमान आणि प्रत्येक बॅचचा ब्रिक्स-पीएच लिहायला लागा. बहुतेकदा दोष एकाच पाळीत सापडतो.

हप्ता थकणार असं दिसलं तर ९० दिवस उलटायच्या आधी शाखेत जा, विक्रीची वही आणि साठ्याचा कागद घेऊन. त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, आणि वर सांगितलेलं ते बाजूला ठेवलेलं अनुदानही धोक्यात येतं.